पाण्याच्या नळातील गळकी झडप : तिची परीक्षा व बदल

मोटेच्या काळी पाण्याची गळती शेतकऱ्याच्या डोळ्यांस दिसत असे. मोटेचे चामडे फाटले की थारोळ्यापर्यंत येण्यापूर्वीच पाण्याची धार विहिरीत पडे, आणि तिचा आवाज मोटकऱ्याच्या कानी जाई. मग मोट उतरवून तिला ठिगळ लावण्यास विलंब होत नसे. पंप व नळ आल्यापासून श्रम पुष्कळ वाचले, परंतु गळती दृष्टीआड गेली. नळ जमिनीत पुरलेला, झडप खड्ड्यात झाकलेली, आणि पंपाची तळझडप तर विहिरीच्या पाण्याखाली. तेव्हा पाणी कोठे जाते हे समजत नाही. समजते ते इतकेच की पंप पूर्वीप्रमाणे पाणी धरीत नाही, अथवा शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोहोचत नाही.

अशा वेळी सामान्यतः काय होते? पंप दुरुस्त करणाऱ्यास बोलावणे जाते. तो एखादी झडप बदलतो, गुण येत नाही. मग दुसरी बदलतो. दोनतीनशे रुपयांच्या वॉशरने जे काम झाले असते त्यास हजारो रुपये लागतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी चुकते. पैसा पुन्हा मिळवता येईल, पण फळधारणेच्या वेळी चुकलेली पाळी पुन्हा मिळत नाही. म्हणून प्रस्तुत पाठात आम्ही एकच गोष्ट वाचकांच्या मनावर बिंबवू इच्छितो : दोष सिद्ध झाल्यावाचून कोणतीही झडप बदलू नये. दोष सिद्ध करण्याच्या परीक्षा सोप्या आहेत, आणि त्यांस जवळजवळ काही खर्च लागत नाही.

१. नळावरील झडपा व त्यांची कामे

विहिरीवरील साध्या पंपाचा नळमार्ग खालून वर पाहत गेल्यास पुढील झडपा आढळतात.

पहिली तळझडप, हिलाच शेतकरी फूटवॉल म्हणतात. सक्शनच्या नळाच्या तळाशी ती जाळीसह बसविलेली असते. पाणी वर जाऊ द्यावयाचे पण परत विहिरीत येऊ द्यावयाचे नाही, हे तिचे काम. पंप बंद असताना सक्शनचा नळ भरलेला राहतो तो हिच्यामुळे.

दुसरी परतझडप, म्हणजे एनआरव्ही. ही पंपाच्या लगत डिलिव्हरीच्या नळावर असते. पंप थांबताच शेताकडील पाण्याचा संपूर्ण भार मागे येऊ पाहतो. तो भार ही झडप आपल्या अंगावर घेते व पंप आणि तळझडप या दोहोंचे रक्षण करते.

तिसरी चाकाची झडप, म्हणजे गेट वॉल. हिने प्रवाह कमीजास्त अथवा बंद करता येतो. पंपापासून क्रम असा असावा : पंप, नंतर परतझडप, नंतर चाकाची झडप. हा क्रम उलटा बसविल्यास परतझडप दुरुस्त करताना साऱ्या नळाचे पाणी सोडून द्यावे लागते.

यांखेरीज उंचवट्याच्या जागी हवा सोडणारी झडप, प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी पीव्हीसीची बॉल वॉल, आणि ठिबक असल्यास उपनळाच्या शेवटी गाळ धुऊन काढण्याची झडप, इतक्या झडपा मोठ्या बागेत असतात. पाणबुडी पंपात तळझडप नसते. तिच्या जागी पंपाच्या डोक्यावरच परतझडप असते.

२. गळतीचे दोन प्रकार

गळकी झडप दोन प्रकारची असते, आणि हा भेद न जाणल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

पहिला प्रकार बाहेरच्या गळतीचा. झडपेच्या दांडीपाशी, फ्लँजच्या सांध्यात, आट्यांत अथवा अंगाला पडलेल्या तड्यातून पाणी बाहेर येते. ही गळती दिसते, व पुष्कळदा तिच्यासाठी झडप बदलण्याची गरजच नसते. दांडीपाशी थेंब येत असतील तर ग्लँडची चाकी थोडी आवळावी. तेवढ्याने न थांबल्यास पाणी तोडून ग्लँडची दोरी नवी भरावी. फ्लँजमधून येत असेल तर गॅसकेट बदलावे. अंगालाच तडा गेला असेल तर मात्र झडप टाकून देणे हाच उपाय होय.

दुसरा प्रकार आतील गळतीचा. झडप बंद केली तरी आतून पाणी पुढे अथवा मागे सरकत राहते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. झडपेच्या बैठकीवर वाळूचा कण, काडी अथवा शिंपला अडकणे, रबर किंवा चामडे झिजणे, बैठकीवर ओरखडे पडणे, ही याची कारणे. हाच प्रकार अधिक नुकसानकारक आहे, व त्याच्या परीक्षेसच आम्ही पुढील भाग देत आहोत.

३. तळझडपेची परीक्षा

पंप सुरू करताना पाणी धरीत नाही, पुन्हा पुन्हा भरावा लागतो, ही तक्रार सर्वसामान्य आहे. वीज थोडा वेळ जाऊन आली तर पंप पाणी धरतो, पण रात्रभर बंद राहिल्यास धरत नाही, असे होत असेल तर गळती बारीक आहे असे समजावे. ७५ मिलिमीटर व्यासाच्या नळात दर मीटरास सुमारे साडेचार लिटर पाणी मावते. म्हणजे आठ मीटर लांबीच्या सक्शनमध्ये अवघे ३५ लिटर पाणी असते. ते निथळून जाण्यास मोठे भोक लागत नाही.

परीक्षा अशी करावी. पंप बंद करून मुख्य स्विच काढावा. चाकाची झडप पूर्ण बंद करावी. नंतर पंपाच्या डोक्यावरील भरणीच्या नरसाळ्यातून काठोकाठ पाणी भरावे, व आतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे. नरसाळ्यातील पाण्याच्या पातळीवर खूण करून पंधरा मिनिटे पाहत राहावे.

पातळी स्थिर राहिल्यास तळझडप निर्दोष आहे. पातळी खाली जात असल्यास लगेच तळझडपेस दोष देऊ नये. या स्थितीत नळ वरपर्यंत भरलेला असल्याने नरसाळ्याखालील प्रत्येक सांध्यावर आतून बाहेर दाब असतो. एखादा सांधा सैल असेल तर तेथे बाहेरून ओल दिसेल. म्हणून सक्शनचा नळ पाण्याच्या पातळीपर्यंत कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. पंपाच्या दांड्याजवळील ग्लँडमधून थेंब पडत आहेत काय तेही पाहावे. नळ व ग्लँड कोरडे, आणि पातळी मात्र उतरत आहे, असे आढळल्यास दोष तळझडपेचा हे सिद्ध झाले.

येथे एक मर्म ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बाटली पाण्याने भरून पाण्यातच उपडी धरली तर ती रिकामी होत नाही, कारण वरून हवा शिरण्यास वाट नसते. सक्शनच्या नळाचेही तसेच आहे. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीस सुमारे १० मीटर पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. दख्खनच्या पठारावर तो याहून थोडा कमी. तेव्हा तळझडप किंचित गळत असली तरी वरून हवा न मिळाल्यास नळ रिता होत नाही. पंप रात्रभरात पाणी सोडतो याचा अर्थ पुष्कळदा असा की तळझडपही गळते व ग्लँडमधून अथवा सांध्यातून हवाही शिरते. अशा वेळी नुसती तळझडप बदलून अर्धेच काम होते. सबब दोन्ही जागा पाहाव्या.

उलटपक्षी, पंप चालू असता सक्शनच्या नळात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. म्हणून सैल सांध्यातून त्या वेळी पाणी बाहेर न येता हवा आत जाते. डिलिव्हरीचे पाणी दुधाळ, बुडबुड्यांनी भरलेले येत असेल तर हाच दोष समजावा. पेटती अगरबत्ती एकेका सांध्याजवळ धरावी. जेथे धूर आत ओढला जाईल तो सांधा सदोष होय.

४. परतझडपेची परीक्षा

पंप थांबवल्यावर त्याचा पंखा उलटा फिरू लागला तर परतझडप व तळझडप या दोन्ही गळतात हे उघड आहे. पाणबुडी पंपात आतील परतझडप गळत असली तरी पंप बंद होताच पाण्याच्या भाराने उलटा फिरतो. आणि त्या क्षणी वीज लागली तर दांडा पिळवटण्याची अथवा मोटार जळण्याची भीती असते. असा संशय असल्यास पंप बंद केल्यावर काही मिनिटे मध्ये जाऊ देऊनच पुन्हा सुरू करावा.

तळझडप चांगली असून परतझडपच गळत असेल तर मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. शेताकडील पाण्याचा भार मग रात्रंदिवस तळझडपेवर पडत राहतो, व काही महिन्यांनी तीही बिघडते. शेतकरी तळझडप बदलतो आणि ती पुन्हा लवकर का गेली याचे आश्चर्य करतो.

परीक्षा सोपी आहे. नळ भरलेला असताना पंप बंद करावा. चाकाची झडप उघडीच ठेवावी. नंतर नरसाळ्याखालील कॉक हळू उघडावा. प्रथम थोडे पाणी उसळेल, त्याची चिंता नाही. ते थांबले तर परतझडप चांगली आहे. पाणी जोराने येतच राहिले तर ती गळते. आता चाकाची झडप बंद करावी. पाणी थांबले तर चाकाची झडप निर्दोष. थांबले नाही तर तीही आतून गळते असे जाणावे. एका कॉकने अशा रीतीने दोन झडपांची परीक्षा होते.

५. शेतातील झडपांची परीक्षा

नळ लांब असून त्यावर पुष्कळ झडपा असतील तर एकेक उकरून पाहत बसणे हे वेळेचा व्यय करणे होय. येथे नळाचे भाग पाडण्याची रीत उपयोगी पडते.

चाकाच्या झडपेच्या पुढे, शेताच्या बाजूस, एक दाबमापक बसवून घ्यावा. पंप चालवून नळ पूर्ण भरावा. नंतर सर्व तुकड्यांच्या झडपा बंद कराव्या, व शेवटी पंप बंद करून चाकाची झडपही बंद करावी. काटा कोठे आहे ते टिपून अर्धा तास पाहावे. काटा स्थिर असेल तर शेतातील नळ निर्दोष आहे. उतरत असेल तर कोठेतरी वाट आहे.

आता मुख्य नळाच्या मधोमध झडप असल्यास नळ पुन्हा भरून ती बंद करावी. काटा स्थिर राहिला तर गळती मधल्या झडपेच्या पलीकडे; उतरला तर अलीकडे. मग सदोष अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावे. नळाचे आठ टप्पे असतील व प्रत्येक टप्प्यावर तोडझडप असेल तर अशा तीन परीक्षांत सदोष टप्पा हाती येतो. मात्र ज्या झडपेने भाग तोडला तीच आतून गळत असेल तर परीक्षा फसते. म्हणून ‘अलीकडे’ असा निकाल आल्यास, खणण्यापूर्वी एकदा दुसऱ्या झडपेने भाग तोडून खात्री करून घ्यावी.

तुकड्याची झडप आतून गळते की नाही हे पाहण्यास आणखी सरळ मार्ग आहे. तिला बंद करून त्या तुकड्याच्या उपनळाची शेवटची धुण्याची झडप उघडावी. नळातील उरलेले पाणी निथळून जाईल. त्यानंतरही मुख्य नळ दाबाखाली असता बारीक धार चालूच राहिली, तर वरची झडप गळते यात संशय नाही.

लोखंडी झडपेस कानानेही तपासता येते. रात्रीच्या शांत वेळी लांब पेचकस अथवा लाकडी दांडक्याचे एक टोक बंद झडपेच्या अंगास लावावे व दुसऱ्यास कान लावावा. निर्दोष झडप मुकी असते. गळकी झडप सूं असा बारीक आवाज करते.

६. गळतीचे मोजमाप

दोष सापडल्यावर तो मोजावा, म्हणजे दुरुस्तीची निकड कळते. दहा लिटरची बादली दहा मिनिटांत भरली तर गळती मिनिटास एक लिटर झाली. ही धार करंगळीहून बारीक दिसते, पण तासास ६० लिटर आणि अहोरात्र नळ भरलेला असल्यास १,४४० लिटर पाणी नेते. तासास चार लिटर देणाऱ्या पंधरा तोट्यांचे पाणी या एका धारेने जाते. वीस मीटर पाण्याचा दाब असलेल्या नळास तीन मिलिमीटरचे भोक पडले तर मिनिटास सुमारे पाच लिटर, म्हणजे आठ तासांच्या पाळीत सुमारे २,४०० लिटर पाणी वाया जाते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत विजेची योजना लागू केल्यापासून काही शेतकरी बंधूंस गळतीची फिकीर उरली नाही, असे दिसते. परंतु बिल नाही म्हणून विहिरीतील पाणी वाढत नाही. वीज ठराविक तासच मिळते. त्या तासांतील गळती म्हणजे भिजावयाचे राहिलेले क्षेत्र. शिवाय गळत्या झडपेभोवती सदा ओल राहून मुळे कुजतात आणि तण माजते, हा तोटा वेगळाच.

७. कामास हात घालण्यापूर्वी

येथवर पाण्याचा प्रश्न होता. आता जिवाचा आहे. म्हणून पुढील सूचना वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचाव्या.

पुष्कळ पंपांस वीज येताच आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच असतो. कित्येकांस दूरध्वनीवरून चालणारा स्टार्टरही असतो. माणूस विहिरीत उतरलेला असताना वीज आली, अथवा घरातून कोणी पंप सुरू केला, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. तेव्हा केवळ स्टार्टर बंद करून भागत नाही. मुख्य स्विच खाली ओढून फ्यूज काढावे व ते उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावे. पेटीस कुलूप लावावे. घरच्या माणसांस तसे आधी सांगून ठेवावे.

विहिरीत एकट्याने कधीही उतरू नये. कमरेस दोर बांधावा व वर दोन माणसे असावी. विहिरीत ठेवलेले तेलाचे इंजिन चालू असता किंवा नुकतेच बंद केलेले असता आत उतरणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय. त्याच्या धुरातील विषारी वायूस रंग नाही व वासही नाही. पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू उणा असल्यास उपयोगी पडते, पण या वायूची सूचना ती देत नाही. खाली गेलेला मनुष्य बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे दुसऱ्याने तसेच उतरू नये. दोराने वर ओढावे. शक्य असेल तर उतरणेच टाळावे व नळ वर ओढून घ्यावा.

डिलिव्हरीचा नळ उघडण्यापूर्वी त्यातील दाब सोडून द्यावा. शेत पंपापेक्षा वीस मीटर उंच असेल तर खालच्या सांध्यावर दर चौरस सेंटिमीटरास दोन किलोग्रॅमचा भार असतो, आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या तीनशे मीटर नळात सुमारे २,३५० लिटर पाणी असते. असा सांधा एकदम सोडल्यास पाणी व बोल्ट दोन्ही अंगावर येतात. प्रथम खालचा कॉक उघडून नळ निथळू द्यावा.

८. झडप बदलण्याची रीत

तळझडप : सक्शनचा नळ चेनकप्पीने अथवा तीन वाशांच्या घोडीवरून सावकाश वर घ्यावा. झडप काढून जाळी स्वच्छ करावी व आतील पडदा पाहावा. काडी किंवा खडा अडकला असेल तर तो काढून झडप धुवावी. कदाचित एवढ्यानेच काम होईल. चामड्याचे किंवा रबराचे वॉशर झिजले असेल तर तेवढेच बदलावे. चामडे कोरडे बसवू नये. आधी भिजवून मऊ करावे. बैठकीवर नखास लागतील असे ओरखडे असतील तर नवी झडप घ्यावी.

नवी घेताना केवळ किंमत पाहू नये. शेतीपंपांच्या तळझडपा व परतझडपांसाठी भारतीय मानक ब्युरोचे १०८०५ क्रमांकाचे मानक आहे. ते असलेली झडप घ्यावी. अरुंद वाटेची हलकी झडप प्रवाहास अडथळा करते व तेवढ्या पाण्यास पंप अधिक वेळ चालवावा लागतो. नवी अथवा दुरुस्त केलेली झडप विहिरीत सोडण्यापूर्वी तिची वरच परीक्षा घ्यावी : ती उभी धरून वरून पाणी भरावे व पंधरा मिनिटे पाहावे. वर गळली तर खालीही गळणारच. बसवताना झडप उभी, तळापासून दीडदोन फूट वर आणि उन्हाळी पातळीच्या तितकीच खाली असावी. तळाजवळ ठेवल्यास ती गाळ ओढते. वर ठेवल्यास भोवरा पडून हवा ओढते.

लोखंडी झडपा : परतझडपेवर प्रवाहाच्या दिशेचा बाण असतो, तो पंपाकडून शेताकडे असावा. झुलत्या पडद्याची परतझडप आडव्या नळावर, अथवा पाणी वर चढत असलेल्या उभ्या नळावरच बसवावी. पाणी खाली उतरत असेल तेथे ती मिटत नाही. फ्लँजच्या दोन्ही तोंडांवरील जुने गॅसकेट खरवडून काढावे. बोल्ट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे, दोनतीन फेऱ्यांत आवळावे. एकाच बाजूस ताण आल्यास बिडाचे कान फुटतात.

आट्यांवर पूर्वी तागाचे तंतू व सफेता वापरीत असत. सफेत्यात शिसे असल्याने तो आता वापरू नये. टेफ्लॉनची पट्टी तीनचार वेढे, आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास आवळताना ती सुटून गोळा होते.

पीव्हीसीची झडप : हिच्या बाबतीत दोष बहुधा अतिबलाचा असतो. प्लास्टिकचे आटे हाताने घट्ट होईपर्यंत फिरवून त्यापुढे पान्याने एक, फार तर दोन वेढे द्यावे. अधिक आवळल्याने गळती न थांबता मादी आट्यास तडा जातो. चिकटवावयाची झडप असल्यास नळ काटकोनात कापावा, कडेची कूस काढावी, दोन्ही पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ करावे. नळ आधी तसाच बसवून पाहून खूण करावी. मग दोहोंस सोल्युशन लावून पाव वेढा देत खुणेपर्यंत दाबावे व अर्धा मिनिट धरून ठेवावे. चोवीस तास दाब देऊ नये. ओल्या नळास सोल्युशन धरत नाही. म्हणून वरून एक थेंब जरी ओघळत असला तरी आधी तो थांबवावा. झडपेच्या दोन्ही अंगांस युनियन बसवल्यास पुढच्या खेपेस नळ कापण्याचे काम पडत नाही. उघड्या उन्हातील पीव्हीसी काही वर्षांत ठिसूळ होते. तीस झाकण अथवा खड्डा अवश्य करावा.

९. पुन्हा चालू करताना

झडप बदलल्यावर पंप एकदम पूर्ण उघड्या नळावर सुरू करू नये. चाकाची झडप जवळजवळ बंद ठेवून सुरू करावा, नंतर ती हळूहळू उघडावी. त्यायोगे मोटारीवर भार बेताचा येतो व नळातील हवा सावकाश निघून जाते.

शेतातील बॉल वॉल पाव फेऱ्यात मिटते. हा तिचा गुण तसा दोषही आहे. सेकंदास दीड मीटर वेगाने धावणारे पाणी एकदम अडवले तर पीव्हीसीच्या नळात क्षणभर सुमारे सहा किलोग्रॅमचा जादा दाब उसळतो. नळ चार किलोग्रॅमच्या प्रतीचा असेल तर तो फुटावयास किंवा सांधा सुटावयास तेवढे पुरे. म्हणून एका तुकड्याची झडप उघडल्यानंतरच दुसऱ्याची मिटावी, आणि मिटताना मनात वीस आकडे मोजावे. आज गळणाऱ्या कित्येक झडपा कालच्या घाईने बिघडलेल्या असतात.

शेवटी, ज्या परीक्षेने दोष ठरवला तीच परीक्षा पुन्हा करावी. नरसाळ्यातील पातळी अथवा दाबमापकाचा काटा आता स्थिर राहिला तरच काम पुरे झाले असे मानावे. झडपेचे माप, बदलल्याची तारीख व दोषाचे कारण शेतीच्या वहीत लिहून ठेवावे. एकच झडप वारंवार बिघडत असेल तर मूळ दोष तिच्यात नसून शेजारच्या झडपेत अथवा पाण्यातील वाळूत आहे, हे त्या वहीवरूनच उमगते.

तात्पर्य

आतील व बाहेरची गळती हा भेद प्रथम करावा. भाग पाडून दोषाची जागा नक्की करावी. गळती मोजावी. वीज तोडून व दाब सोडून मगच पाना हाती घ्यावा. स्वच्छ करून भागत असेल तर वॉशर बदलू नये, वॉशरने भागत असेल तर झडप बदलू नये. पण अंग फुटले असेल तर ठिगळाच्या नादीही लागू नये. वर्षातून एकदा, कापणी होऊन पंप रिकामा असतो अशा दिवसांत, या सर्व परीक्षा करून ठेवल्यास उन्हाळ्याच्या तोंडी धावपळ करण्याचा प्रसंग येणार नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब मुळाशी पोहोचवणे हे जितके विहीर खोल करण्याचे काम आहे, त्याहून अधिक ते असलेले पाणी न गळू देण्याचे आहे, इतके सुचवून आम्ही हा पाठ पुरा करतो.